शेवटच्या कडव्यातलं नाव

इथे लिहिणारे बहुतेक जण आधी सांगून टाकतात की आमचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझा तर अजूनही नाही. रस्त्यात उतारा टाकलेला दिसला तर मी तो ओलांडून जाते, आणि वाडीतली माणसं ज्या आंब्याखालून जाताना खाली मान घालतात त्याच आंब्याखाली बसून मी कैऱ्या खाल्ल्यात. माझा विश्वास एकाच गोष्टीवर — परत तपासून बघणे. कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायचं, पत्ता विचारला की दोन माणसांना विचारायचा. आई म्हणायची, "हिला देवानं दर्शन दिलं तरी ही सांगंल, परत ये."

आणि मला जो त्रास आहे तो नेमका या सवयीचाच आहे... म्हणून लिहायला इतकी वर्षं लागली. ज्या दोघांची ही गोष्ट आहे ते आता नाहीत, म्हणून आज लिहिते.

साल २००४. मी महाडला बाजारपेठेत कॉम्प्युटर क्लास चालवायचे. खाली प्लास्टिकच्या बादल्यांचं दुकान, वर माझी खोली. चार कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा यूपीएस आणि भिंतीवर लोडशेडिंगचं वेळापत्रक. क्लासबरोबर टायपिंग, सीडी कॉपी करून देणं, गाणी कॉम्प्युटरवर चढवणं अशी फुटकळ कामंही घ्यायचे. दासगावचा इम्तियाज माझा जुना विद्यार्थी, सौदीला कामाला होता. सुट्टीवर आला तेव्हा त्याने मला एक चांगला ड्राइव्ह आणि गाणी उतरवायचं सॉफ्टवेअर आणून दिलं, आणि एक अख्खी दुपार बसून शिकवलंही.

थोडं टेक्निकल सांगते, कंटाळू नका, पुढे लागणार आहे. गाण्याची सीडी म्हणजे एका सेकंदाचे पंचाहत्तर तुकडे. ओरखडा आला की ड्राइव्ह तिथे अडखळतो. साध्या पद्धतीत तो फार डोकं लावत नाही, मिळालं ते घेतो, नाही मिळालं तर आजूबाजूचं बघून अंदाजे भरतो, फारच झालं तर तडतड ऐकू येते. दुसरी पद्धत म्हणजे एरर करेक्शन चालू ठेवायचं. मग तो एकेक तुकडा दोनदा वाचतो. दोन्ही वेळा सारखं आलं तर पुढे. नाही आलं तर परत वाच. परत वाच. सोळा वेळा, जुळलं नाही तर आणखी सोळा वेळा. स्क्रीनवर लाल दिवे लागत राहतात, ड्राइव्ह घरघरत राहतो. शेवटी रिपोर्ट येतो की कुठलं गाणं नीट उतरलं आणि कुठे शंका आहे.

मला ही पद्धत इतकी आवडली म्हणून सांगू! माझ्याच स्वभावाचं मशीन.

आता माणसं. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला आमची वाडी, तीस-बत्तीस घरं. माझे वडील भागोजी, आम्ही आप्पा म्हणायचो. मुंबईला गोदीत होते. गावकीच्या खोलीत, म्हणजे गावच्या सगळ्या पुरुषांनी मिळून घेतलेल्या दहा बाय बाराच्या खोलीत, त्यांची वळकटी वाडीतल्याच धाकूकाकांच्या वळकटीला लागून वीस वर्षं होती. आप्पा जाखडीची, म्हणजे आमच्या कोकणातल्या बाल्या नाचाची, गाणी रचायचे आणि धाकूकाका गायचे. आप्पांचा आवाज म्हणजे फाटका पत्रा, आणि धाकूकाकांना दोन ओळी जुळवायला सांगितल्या तर घाम फुटायचा. दोघं मिळून एक शाहीर होता असं म्हणा ना.

जाखडीत एक रीत आहे. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात कवीचं नाव घ्यायचं. कवीला बिदागी मिळत नाही, हार मिळत नाही, तेवढं नाव मिळतं. आप्पांचा गावदेवीचा गण होता, त्याची शेवटची ओळ 'म्हणे भागोजी, पदर पसरुनी, राख माऊली गाव'. धाकूकाका 'भागोजी' असा काही उचलायचे की नाचणारी पोरंसुद्धा एक पाऊल चुकायची.

पुढे दोघंही कायमचे गावी परतले. मग एका शिमग्याला पालखी आधी कोणाच्या दारी न्यायची यावरून गावकीत वाद झाला. आप्पा पंच. त्यांनी निकाल दिला तो धाकूकाकांच्या घराच्या विरोधात गेला. बरोबर होता की चूक, ते मला आजही ठरवता येत नाही. धाकूकाका काही बोलले नाहीत. त्याच पावसाळ्याआधी मुंबईच्या मंडळानं पैसे जमवून धाकूकाकांच्या आवाजात आठ गाण्यांची सीडी काढली, त्यात आप्पांचं एकच, शेवटचं, तो गण. गणपतीला ती वाडीत आली. आप्पांनी अख्खी वाडी पडवीत बोलावली. मी माझ्या पहिल्या कमाईतून घेऊन दिलेला प्लेयर चौरंगावर ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं. आठवं गाणं आलं. शेवटचं कडवं आलं. आणि 'म्हणे भागोजी'च्या जागी नुसती ढोलकी वाजली. चार मात्रा ढोलकी, मग कोरस 'पदर पसरुनी...'

पंचवीस-तीस माणसं होती, सगळ्यांनी माना खाली घातल्या. आप्पांनी उठून प्लेयर बंद केला आणि म्हणाले, "चला, आरती करू."

नंतर ती सीडी त्यांनी सुतळीनं वरीच्या शेतात काठीला टांगली, पाखरं हाकायला. तेव्हा सगळेच जुन्या सीड्या टांगायचे, पण आप्पांनी ती नवी कोरी टांगली. वही बासनात बांधून माळ्यावर टाकली. धाकूकाकांना ते पाण्यात पाहायला लागले, आणि मीही. चार वर्षं एकाच पाणवठ्याची दोन घरं, बोलणं नाही. आप्पांनी त्या चार वर्षांत एक ओळ लिहिली नाही. संध्याकाळी पडवीत बसून नुसते समोरच्या डोंगराकडे बघायचे. मला ते बघवायचं नाही.

२००४ च्या माघात रखमाकाकी, धाकूकाकांची बायको, महाडला माझ्या क्लासवर आली. धाकूकाकांचं घशाचं ऑपरेशन झालं होतं हे माहीत होतं. गाणं तर गेलंच होतं, तोंडाशी कान नेला तर चार शब्द घोगरे ऐकू यायचे तेवढंच. काकी खुर्चीच्या टोकावर बसली आणि म्हणाली, त्यांना सोताचा आवाज ऐकायचा हाय. त्यांच्याकडच्या सीड्या जीपवाल्यांनी नेल्या, उरलेल्यांचा चंदेरी पापुद्रा निघाला. मुंबईतही कोणाकडे धड राहिली नव्हती.

"तुज्या बापाकडं एक व्हती गो," ती म्हणाली. "मी त्येंच्याकडं मागू शकत नाय. तू बघशील काय?"

काकीनं लहानपणी मला मांडीवर झोपवलेलं होतं. नाही म्हणवेना. रविवारी घरी गेले तेव्हा आप्पांना न सांगता गोठ्यात शोधली. कोयत्यांच्या मागे सापडली, सुतळीसकट. उन्हानं पिवळी पडलेली, दोन्ही बाजूंनी ओरखडे, एका ठिकाणी शेण. खरं सांगायचं तर ती सीडी मेलेली असायला हवी होती. मी ती ओल्या फडक्यानं पुसली आणि महाडला आणली.

गुरुवारी सकाळची बॅच सुटल्यावर बाराच्या सुमाराला एरर करेक्शन चालू करून ती लावली. सात गाणी रडतखडत उतरली. आठवं सुरू झालं आणि शेवटाकडे येऊन ड्राइव्ह अडकला. लाल दिव्यांची ओळ भरली, रिकामी झाली, परत भरली. एकाच जागी. मी डबा खाल्ला, चहा मागवला, दोन पोरांचे बायोडाटा टाइप केले, तरी हा तिथेच. घर्रर्र... थांबायचं... घर्रर्र. ड्राइव्हला हात लावला तर तापलेल्या तव्यासारखा. साडेतीनला एकदम पुढे गेला आणि काम संपलं.

रिपोर्ट बघितला. सातही गाण्यांत शंकेच्या जागा. आठव्यात एकही नाही! जिथे तीन तास अडकला होता त्याच गाण्याला बिनचूक असा शेरा. मला हसू आलं. हेडफोन लावला, थेट शेवटच्या कडव्यावर गेले.

'म्हणे भागोजी, पदर पसरुनी...'

धाकूकाकांचाच आवाज. खाली ढोलकी तशीच, चारच मात्रा. त्यावर आप्पांचं नाव. गाण्याची लांबी सीडीच्या कव्हरवर छापली होती तेवढीच, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही.

मी हेडफोन काढला, खिडकी उघडली, खाली बादल्यांचा भाव करणाऱ्या बायका बघितल्या, परत ऐकलं. मग करेक्शन बंद करून तीच सीडी साध्या पद्धतीनं उतरवली, दहा मिनिटांत झाली. तडतड, तडतड, आणि त्या जागी नुसती ढोलकी. पडवीत ऐकली होती तशीच.

आता मला सांगा. करेक्शनला सीडीवर आहे तेवढंच वाचता येतं. अंदाजानं भरलंच तर सेकंदाचा एखादा बारीक तुकडा भरेल. माझ्या बापाचं नाव ते कुठून आणणार? त्या रात्री मला झोप लागली नाही, पण भीतीनं नव्हे... चिडले होते मी. उत्तर चुकत होतं आणि चूक सापडत नव्हती.

म्हणून शुक्रवारी दुपारी परत लावली. परत तिथेच अडकली, परत साडेतीनला सुटली, परत नाव आलं. दोन्ही फाइल्स शेजारी शेजारी लावून ऐकल्या. आणि इथे माझ्या अंगावर पहिल्यांदा काटा आला. नाव दोन्हीत होतं, पण सारखं नव्हतं. शुक्रवारच्यात 'भागोजी'च्या आधी श्वास घेतल्याचा आवाज होता, आणि आवाज जरा बसल्यासारखा, थकल्यासारखा येत होता. बाकी कोरस, ढोलकी, सगळं तेच.

शहाण्या माणसानं तिथे थांबावं. पण दोन उत्तरं वेगळी आली की तिसऱ्यांदा विचारायचं, हे सॉफ्टवेअरही करतं आणि मीही करते. शनिवारी तिसऱ्यांदा लावली. त्या जागी ड्राइव्ह दोन तास घरघरला आणि बंद पडला. सीडी बाहेर काढली तर कडेला एक कडं पारदर्शक झालं होतं, चांदी भुग्यासारखी हाताला लागली. त्यानंतर कुठल्याच ड्राइव्हनं ती ओळखली नाही.

इम्तियाज सौदीला परत जायच्या तयारीत होता, त्याला मी शुक्रवारी संध्याकाळीच फोन केला होता. तो म्हणाला, "बाई, मशीन आपल्या मनचं काय सांगत नाय. तुमची ऐकण्यात गल्लत झाली असंल." मी फोनवरच त्याला दोन्ही ऐकवल्या. तो म्हणाला की नमाजची वेळ झाली, आणि फोन ठेवला.

काकीसाठी नवी सीडी मी गुरुवारच्या फाइलवरून बनवली. नाव असलेली. हेतू चांगला नव्हता, उगाच देवपण घेत नाही. मला वाटलं, ऐकू दे की त्याला! ज्या नावाला तोंड शिवलं ते स्वतःच्याच आवाजात ऐकू दे, झोंबू दे मिरच्या.

रविवारी वाडीवर गेले आणि सीडी काकीच्या हातात देऊन घरी आले. आप्पा पडवीत सुपारी कातरत होते. थोड्या वेळानं धाकूकाकांच्या घरातून गाणी ऐकू यायला लागली, टीव्हीला जोडलेल्या मोठ्या स्पीकरवर. आप्पा उठून आत जातील असं मला वाटलं, पण बसून राहिले. आठवं गाणं आलं. शेवटचं कडवं आलं. नाव आलं.

अडकित्ता आप्पांच्या हातातून खाली पडला.

"शैले, ऐकलंस?" ते म्हणाले. "नाव घेतलाय त्यानं."

मी अडकित्ता उचलला. आप्पा आपलं आपणच बोलत सुटले. नाव पहिल्यापासून होतंच, आपलं मशीनच डबडं होतं, नेमक्या जागी उडी मारली असणार त्यानं, आणि आपण चार वर्षं त्या माणसाला... माझ्या पहिल्या कमाईचा प्लेयर हो तो! पण त्या वेळी त्याचा राग यायचंही मला सुचलं नाही. आप्पा अनवाणी निघाले होते.

मी मागे पळाले. धाकूकाका खाटेवर बसलेले, गळ्याला फडकं. आप्पा त्यांच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे, पण सरळ वाकून त्यांनी धाकूकाकांच्या पायांना हात लावला.

"धाकू, मी तुला पाण्यात बघितला रे," ते म्हणाले. "गुन्हा माझा हाय."

धाकूकाकांनी पाय ओढून घेतले. त्यांचे ओठ हलले, पण आवाज काही आला नाही, घोगरासुद्धा नाही. त्यांनी आप्पांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. ज्यानं चूक केली तो बसलेला आणि ज्याच्यावर झाली तो पाया पडतोय, आणि ते थांबवू शकणारी एकटी मी, दारात खांबासारखी उभी. आप्पा रडत होते आणि त्यांचा चेहरा चार वर्षांत पहिल्यांदा सैल झाला होता. मला खरं सांगवलं नाही.

काकीनं मला मागच्या दारी नेलं. म्हणाली, होते ते चार शब्दही गेले. मी विचारलं, कधी?

"ह्याच आठवड्यात गो. गुरुवारी दुपारी जेवून पडले नि तोंड हलवाया लागले. येकच काय ते, परत परत. मी हलवलं तर जागे व्हइनात. घामानं वाकळ भिजली. साडेतीनच्या सुमाराला निवांत झोपले. शुक्रवारी परत तसाच. शनिवारी तर फडक्याला रगत लागला, मंग मी शेजारच्याला बोलावलं."

मागच्या दाराशी दगडी डोण होती, तिच्यातलं पाणी तोंडावर मारलं आणि घरी आले.

पुढच्या मंगळवारी धाकूकाका एकटेच एसटीनं महाडला आले. जिना चढून आले तेव्हा धाप लागली होती. पिशवीतून नातवाची पाटी काढली, पेन्सिल काढली. अक्षर पोरासारखं मोठं मोठं होतं.

पहिल्यांदा लिहिलं, "मी नाव घेतलं नव्हतं."

मी म्हटलं, मला माहीत आहे काका. मी काही घातलेलं नाही, आईशपथ. तुम्हाला ऐकायचंय का, मी कसं उतरवलं ते सांगते. ते हात हलवून नको म्हणाले. तळव्यानं पाटी पुसली आणि परत लिहिलं, "भागूदाला सांगू नको. त्याला लिवू दे."

आप्पांनी सोमवारीच माळ्यावरून वही काढली होती. मी मान हलवली.

त्यांनी पाटी पुसली. या वेळी लिहायला खूप वेळ लावला, पेन्सिल मध्येच थांबायची. मी तोपर्यंत उगाच कीबोर्ड पुसत बसले. मग त्यांनी पाटी माझ्याकडे फिरवली.

"गुरुवारी घेतलं. शुक्रवारी परत घेतलं. शनिवारी नाय जमलं. माफ कर."

शनिवारचं मी कोणालाही सांगितलं नव्हतं. इम्तियाजला नाही, काकीला नाही, कोणालाच नाही. आणि माफी ते माझ्याकडे मागत होते... माझ्याकडे!

मी त्यांचे पाय धरले, काय बोलले ते आठवत नाही. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पाटी पुसून पिशवीत टाकली आणि चारच्या एसटीनं गेले. त्या शिमग्याला आप्पांनी नवा गण रचला. गायला दुसरा मुलगा होता, धाकूकाका शेजारी बसून मांडीवर ठेका धरत होते. नाव आलं तेव्हा आप्पांनी त्यांच्याकडे बघितलं. पुढे तीन वर्षं दोघं रोज संध्याकाळी एकाच पडवीत बसायचे, एक बोलायचा, एक ऐकायचा. धाकूकाकांच्या तोंडून नंतर कधीच शब्द फुटला नाही. आप्पा जाईपर्यंत येईल-जाईल त्याला सांगायचे, की धाकूनं नाव घेतलं होतं, चूक पोरीच्या मशीनची होती. मी हो म्हणायचे.

हे काय होतं, मला माहीत नाही. ड्राइव्ह, सॉफ्टवेअर, ऊन लागलेली सीडी, सगळं उलटसुलट करून बघितलं, जाणकारांना विचारलं. कोणी सांगितलं, दुसरं रेकॉर्डिंग खाली राहिलं असेल. तसं होत नाही. कोणी म्हणालं, तुमच्या मनाचे खेळ. मग काकांच्या फडक्याला रक्त कोणाच्या मनाचं लागलं? ती सीडी, पारदर्शक कड्याची, अजून माझ्याकडे आहे. दोन्ही फाइल्सही आहेत. गुरुवारची मी वर्षातून एकदा, आप्पांच्या तिथीला लावते. शुक्रवारची त्या दिवसानंतर उघडलेली नाही.

पहिल्या दिवशी नाव मिळालं होतं. ते स्वच्छ होतं, पुरेसं होतं. मला खात्री करून घ्यायची होती.